पाच पेडवे

मिरजेहून निघताना यादी केली होती.
दीपगृह, किल्ला, परुळ्याचं देऊळ,
डॉल्फिन (सकाळी सातच्या आत),
आणि सगळ्यात खाली, पेन्सिलीनं: विश्रांती.
एकवीस वर्षं औषधाच्या दुकानात उभी आहे मी.
जेवणाआधी, जेवणानंतर, झोपताना एक.
लोकांचे दिवस पाकिटावर लिहून देते,
रेघा ओढून.

निवतीत खोली मिळाली शेवंती मेथरांकडे.
पत्र्याची, आतून निळी,
खिडकीला पडदा म्हणून जुन्या जाळ्याचा तुकडा.
विचारलं, काय काय बघण्यासारखं आहे इथं?
त्या भांडी घासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या,
"समुद्र आसा. तो आपणच दिसता."

पहिला दिवस फुकट गेला.
पुस्तकाची तीच तीन पानं,
सुरूच्या सावलीबरोबर सरकत सरकत
दोनदा दुकानात फोन:
इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवलंय ना,
मधल्या कप्प्यात ना, दाराला नाही ना.
शौकत म्हणाला, ताई, लाटांचा आवाज येतोय,
जरा फोन तसाच धरा.
धरला.
त्याच्या बाजूनं स्टेशन रोडचे हॉर्न, माझ्या बाजूनं पाणी,
आणि दोघंही काही बोललो नाही
एक मिनिट बारा सेकंद.

दुसऱ्या दुपारी पेज खाल्ली,
खारातल्या कैरीची फोड लावून,
आणि अशी झोपले
की उठल्यावर सकाळ की संध्याकाळ कळेना.
अंगणात फक्त कोंबडी. तिला काय विचारणार.
ओहोटी होती. ओल्या वाळूत खेकड्यांनी
गोळ्या मांडून ठेवल्या होत्या,
बारीक, एकसारख्या, शेकड्यांनी.
मी मोजल्या नाहीत.
मोजल्या. चाळीसपर्यंत. मग लाट आली.

तिसऱ्या सकाळी रापण.
होडी जाळं सोडत अर्धा चंद्र काढून परतली,
किनाऱ्यावर दोन दोर, दोन रांगा.
मी बघत उभी, पर्स काखेत.
फाटक्या बनियनमधला एक म्हातारा
(जानू तारी, नाव नंतर कळलं)
म्हणाला, "उभ्यान काय बघतंस? धर."

ओढायचं, दोन पावलं मागं, पुन्हा ओढायचं,
टोकाला पोचलं की दोर सोडून
चालत पाण्यापाशी जायचं आणि परत धरायचा.
किती वेळ, किती वेळा, कुणी सांगितलं नाही.
माझ्यापुढं एका बाईची पाठ, ओला पदर खोचलेला,
माझ्यामागं कुणाचातरी श्वास,
आणि दोराच्या त्या टोकाला
जड, जिवंत,
आपल्याकडं यायला तयार नसलेलं काहीतरी.
पाऊण तास असेल. तेव्हा मी
कशाचाही विचार करत नव्हते असं वाटतं,
पण हे नंतरचं वाटणं आहे.

जाळ्यात फार काही नव्हतं.
पेडवे, थोडी कापी, आणि रागानं फुगलेला एक केंड,
त्याला एका पोरानं शेपटी धरून परत पाण्यात भिरकावला.
जानू तारींनी वाळूवर वाटे घातले:
होडीचा, जाळ्याचा, ओढणाऱ्यांचे.
मी निघाले तर हाक आली, "गो बाय, तुझो वाटो?"
म्हटलं, मी पाहुणी.
"दोराक काय म्हायत?"
पाच पेडवे, ओंजळीत.
त्यातला एक अजून थोडा हलत होता.

शेवंतीबाईंनी ते तिरफळ घालून केले.
दीपगृह राहिलं. किल्ला राहिला.
डॉल्फिन लोकांना दिसले म्हणे.

आता पाकिटावर रेघ ओढताना
पेन तळव्याला बोचतं, दोरानं साल काढलंय तिथंच.
काल एका आजोबांनी विचारलं,
झोपेची गोळी अर्धी घेऊ का आख्खी?
डॉक्टरांना विचारा, म्हटलं.
मग उगाच: आजोबा, कधी दोर ओढलाय?
"विहिरीचा," ते म्हणाले. "का?"
शौकत बघत होता.
मी सुटे पैसे मोजून दिले.