मचवा दुरुस्ती खाते

तलाठी म्हणाला, वंशावळ लागेल.
पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर, मूळ पुरुषापासून.
महागिरीतली वखार बिल्डरला द्यायची
तर आपण कोण, हे आधी शपथेवर सांगावं लागतं.

आमच्यात कुळाचा इतिहास कुणी लिहिला नाही.
लिहिला तो रोजमेळ.
लाल कापडाच्या एकेचाळीस वह्या,
वाळवीने खाल्ल्या त्या डावीकडून, म्हणजे जमेच्या बाजूने.
खर्च सगळा शाबूत.
मोडी मी शिकले ती यासाठी,
नौपाड्यात, रविवारी, दोन निवृत्त पोस्टमास्तरांच्या मधे बसून.

मूळ पुरुष धाकोजी मलुष्टे.
संगमेश्वराहून निघाला तो उसन्या मचव्यातून, सुंभ भरून.
ठाण्याच्या खाडीत शिरला नेमका ओहोटीला,
चिखलात रुतला,
आणि भरती यायच्या आत
अर्धं सुंभ कोळ्यांना विकून मोकळा.
आजोबा हे हातवारे करून सांगायचे.
वहीत एवढंच : मुक्काम ठाणे. सुंभ एकवीस मण. रोख.
या काठावर मंगळुरी कौलं पहिल्यांदा त्यानेच आणली,
असं आम्ही म्हणतो.
शेजारचे म्हणत नाहीत.

जन्म शोधायचा तर सुईण शोधायची.
'सुईणीस सव्वा रुपया' : हा भिकशेट.
'सुईणीस बारा आणे' : ही मुलगी. नाव नाही.
बारा आण्यांच्या मी नऊ मोजल्या.
मरण म्हणजे लाकडं.
ती मात्र सगळ्यांना वजनावर.

भिकशेटच्या बायकोचं नाव आवडी.
ते सापडलं सराफाच्या चिठ्ठीत :
तिच्या पाटल्या मोडल्या, म्हणून नवा मचवा आला.
वखारीवर पाटी लागली, मलुष्टे आणि मंडळी.
मंडळी म्हणजे कोण, हे निदान
मला तरी आता कळलं.

तो मचवा शके अठराशे चोवीसात बुडाला,
तुर्भ्यापुढे, नारळी पौर्णिमेनंतर तिसऱ्याच दिवशी.
भिकशेटला थांबवत नसे.
'माणसे वाचली. कौले चार हजार, गेली.'

आणि पुढच्याच महिन्यापासून,
मचवा दुरुस्ती, कळवे, रुपये तीन.
दर महिन्याला.
आधी वाटलं, मुनीमाची चूक.
मग, मचवा दुरुस्ती : खण एक, हिरवा.
मचवा दुरुस्ती : सुईणीस सव्वा रुपया.
मचवा दुरुस्ती : पाटी एक, लेखणी दोन.
मचवा दुरुस्ती : वैद्यास, खोकल्याचे.
तळाला गेलेल्या गलबताला
खोकला झाला होता त्या पावसाळ्यात.

भिकशेटची लाकडं शके अठराशे छत्तीसला.
मी पान उलटलं, आता हे थांबणार.
थांबलं नाही.
फक्त अक्षर बदललं.
मोडी नाही, बाळबोध,
पोथीवरून एकेक गिरवून शिकल्यासारखं,
'दुरुस्ती'तला स दरवेळी उताणा पडलेला.
रुपये तीन. रुपये तीन.
दिवाळीला चार.
सात वर्षं आवडीने तो मचवा
तरंगत ठेवला.
ओठांवर काय होतं तिच्या, ते वहीत नाही.

शेवटची नोंद : मचवा दुरुस्ती, लाकडे सात मण.
सात मण म्हणजे मोठं माणूस.
हिरव्या खणाचं, बहुतेक.
मग सव्वा रुपयाचा तो कुठे गेला,
पाटी-लेखणी घेऊन?
कुठल्या नावाने त्याने दुकान घातलं,
घातलं का?
त्याच्या नातवाने मला कधी
सुटे पैसे दिले असतील का, काउंटरवरून?

छापील मजकुरात शेवटी असतं :
यांव्यतिरिक्त अन्य कोणीही वारस नाही.
खोटे आढळल्यास शिक्षेस पात्र राहीन.
धाकटा काका म्हणाला, कर सही,
बिल्डर चहा पाजून थकला.

तलाठ्याने चष्मा वर केला.
भिकशेटच्या खाली ही तुटक रेघ कसली?
पुढे नाव नाही, काही नाही.

म्हटलं, दुरुस्ती चालू आहे.

खाडाखोड चालत नाही, म्हणाला.
नवा स्टॅम्पपेपर आणा.