सूत आधी

केगावच्या लॅबमध्ये एप्रिलात पंखासुद्धा ऊनच फेकतो.
तीन तोंडांच्या चंबूत लोखंडाचे दोन क्षार,
एक पिवळसर, एक हिरवट,
खालून नायट्रोजनचे बुडबुडे,
वरून अमोनिया, थेंब थेंब.
डोळे चुरचुरतात, आणि कुठल्याशा थेंबाला
कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी
काजळ होऊन जातं.

या काजळाचे पाच-सहा हजार कण
एका केसाच्या जाडीत शेजारी शेजारी मावतील.
बाटलीला लोहचुंबक टेकवलं
की सगळे त्या कडेला,
पाचव्या दिवशी नळ आल्यावर
गल्ली धावते तसे.

पण मला ते चमकायलाही हवे होते.
पेशीत शिरले तर कुठे बसलेत ते दिसावं.
अडचण एवढीच, की लोखंड उजेड गिळतं.
रंग त्याला खेटून बसवला की विझतो.
म्हणून मध्ये काचेचा पापुद्रा, सिलिकाचा,
आणि त्यावर हिरवा रंग.

पहिल्या खेपेला चमकले. अंधारात मी एकटीच हसले.
धुतले, तर सगळा उजेड धुवणात.
दुसऱ्या खेपेला तेच.
सहाव्यानंतर मी वहीत लिहिणं सोडलं.

साखर पेठेत घरी पोचायला अकरा वाजले.
डाईंग बंद पडून दोन वर्षं झाली,
नान्नांच्या नखांच्या कडा अजून निळ्या.
'काय करलालीस बिड्डा इतक्या रात्रीपर्यंत?'
म्हटलं, रंग सुटतोय.
कशाचा, ते त्यांनी विचारलंच नाही.
'विणून रंगवलीस, का रंगवून विणलीस?'

कडक भाकरीचा तुकडा माझ्या हातातच.
'विणलेली चादर रंगात बुडवली
तर रंग वरवर बसतो, धुण्यात जातो.
आमच्यात सूत आधी. मग माग.'
आणि शेंगाचटणीची वाटी पुढे सरकवली.

सकाळी रंगाचा रेणू आधी सिलेनला बांधला,
रात्रभर अंधारात ढवळत ठेवला,
मग त्या रंगल्या सुतानं काच विणली.
चुंबक लावायचं, पाणी ओतायचं, पुन्हा नवं पाणी.
चौथ्या धुण्याला ऊर्ध्वपातित पाणी संपलं,
दस्तगीरमामांनी शेजारच्या विभागातून
कॅन उसना आणला, कुणाचा ते सांगितलं नाही.
सातवं धुवण जांभळ्या दिव्याखाली धरलं.
रिकामं.
बाटलीच्या कडेला मात्र
हिरवी, जागी असलेली एक रेघ.

रविवारी नान्नांना लॅब दाखवली.
'यानं माणूस बरा होतो?'
अजून नाही. आत्ता कुठे बशीतल्या पेशींपर्यंत.
'मग किती दिवस?'
माहीत नाही, म्हटलं. वर्षं.
ते हं म्हणाले. चुंबक डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं,
रेघ मागोमाग.
मग खिशातून पांढरा रुमाल काढून
बाटलीच्या बंद काचेवर
अंगठ्यानं तीनदा घासला,
उजेडात धरून पाहिला,
आणि घडी घालून परत ठेवला.