रुमालाखाली

भूपाल मगदूम रात्री दीडला फोन करतात.
"पोरी, तिकडं चार टक्के वर बंद झाला गं."
मी अंधारातच हूं म्हणते.

कंपनी एकच, औषधांची.
कारखाना तोच, नफा तोच,
चेअरमनचं टक्कलही तेच.
पण शेअर दोन पेठांत उभा:
दिवसा आपल्याकडे रुपयात,
रात्री न्यूयॉर्कला डॉलरात.
तिथला एक म्हणजे इथले दोन.
अण्णा गुळाच्या जुन्या पट्टीमागे
गुणतात, भागतात,
खाली रेघ मारून पुन्हा तपासतात.

चाळीस वर्षं शाहूपुरीत अडत केली त्यांनी.
रुमालाखाली बोटं धरायची,
भाव दोनच हातांना कळायचा.
"तरी जेवणं व्हायच्या आत निपाणीला म्हाईत," ते सांगतात,
"कसं, ते आजवर कळलं न्हाई."

महावीर जयंतीला आपला बाजार बंद.
अण्णा बस्तीतून आले, कपाळावर गंध ओलं.
त्या रात्री तिथला भाव एकटाच हलत राहिला,
तराजूचं एक पारडं
कुणी काढून नेल्यासारखा.

सकाळी सव्वानऊला इथला उघडला
तो थेट वरच्या मजल्यावर.
मधल्या पायऱ्यांवर
कुणाचा पाय पडलाच नाही.
नऊ सोळाला अण्णांनी दोनशे घेतले.
अकरापर्यंत निम्मी उडी विरली.
संध्याकाळी न्यूयॉर्क उघडलं, तेही खाली.

तिथल्या बातमीत: मुंबई नरम, म्हणून.
आदल्या सकाळी इथल्या बातमीत: न्यूयॉर्क तेजीत, म्हणून.

दुसऱ्या दिवशी अण्णा ऑफिसात आले,
चहाला नको म्हणाले.
"त्यो आपल्याकडं बगतोय, आन् आपण त्येच्याकडं.
मग मालाकडं कोण बगतंय?"
मी तोट्याचा आकडा सांगितला.
त्यांनी तो पट्टीमागे लिहिला, रेघ मारली नाही.

मग खांद्यावरचा रुमाल काढून
माझ्या माऊसवर टाकला,
हात आत घातला,
बराच वेळ काहीतरी चाचपत राहिले.
मागे लेथच्या दुकानात लोखंड कापत होते,
काच बारीक थरथरत होती.

"बोटंच न्हाईत की गं ह्येला."

विक म्हणाले नाहीत.
राहू दे म्हणाले नाहीत.
मी ऑर्डरची चौकट उघडी ठेवून
साडेतीनपर्यंत बसले,
रुमाल तसाच ठेवून,
एक हात मांडीवर.