यजमान

रामकुंडाजवळ विसूकाकांच्या फडताळात
लाल बासनातल्या चोपड्या :
कोणत्या गावचा कोण, कुणाच्या अस्थी घेऊन
कोणत्या साली आला. खाली सही
किंवा अंगठा.

माझ्या कपाटात एका त्रैमासिकाचे त्र्याऐंशी खंड.
पहिल्या अंकापासून हेच चाललंय :
कृमी कोणता, कुणाच्या पोटात, कधी सापडला.
यजमान : मरळ.
मुक्काम : आतडं.
ठिकाण : गंगापूर धरण.
नग : चार.

यंदाच्या खंडात माझा लेख आला, सात पानं.
काकांनी चष्मा पुसून चित्रं पाहिली,
आकड्यांचं डोकं, फितीसारखं अंग.
"आणि हा दक्षिणा काय घेतो?"
"जेवणातलं थोडं. शहाणा असेल तर
यजमानाला मारत नाही."
"मग आमच्यातलाच," म्हणाले,
आणि खोकला येईपर्यंत हसले.

पानं पुन्हा उलटली,
मागून पुढे, त्यांच्या सवयीने.
बोट समासावर थांबलं.
"सगळं आहे गं यात. पण यजमानाची सही?"

मी काही बोलले नाही.
पुलावरून स्कूटर नेताना
खाली बाजार उठत होता,
भाजीवाल्या उरलेल्या मेथीवर पाणी मारत होत्या.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत
ट्रेमध्ये नवी मरळ, अजून ओली.
पोट फाडण्याआधी एक खवला काढला,
नोंदवहीत तारखेखाली डिंकाने चिकटवला.
वाळल्यावर भिंग धरलं :
रेषेत रेष, वर्तुळात वर्तुळ,
एका बाजूला जरा पुसट,
शाई कमी पडलेल्या
अंगठ्यासारखी.