दीड तास पुढे

रात्री साडेदहाला सोहारच्या बंदरावरून
भोंगा येतो, आणि मी खून लिहायला बसतो.

दिवसभर बेअरिंगं मोजतो, गॅस्केटं, बोल्टांची खोकी.
स्टोअरकीपरचं काम : काय आलं, काय गेलं, सही कोणाची.
ती मालिका बंद पडून अकरा वर्षं झाली.
चॅनेलवाल्यांनी शेवटच्या भागात नुसती फाईल मिटली,
इन्स्पेक्टर शर्वाणी तोरणे जिना उतरली,
ठसेतज्ज्ञ मुकुल रेगे दिवा मालवून घरी गेला.
एवढंच. एवढ्यावर झोप कशी लागावी?

म्हणून मी दोघांना पुन्हा कामावर घेतलं.
पगार नाही. रजा दोन वर्षांनी, माझ्यासारखीच.

पण मेळ बसत नाही.
पहिल्या भागात दोघांची बोटं एका पाकिटावर टेकली
आणि मेलेला माणूस तीन पानं तसाच पडून राहिला,
पंचनाम्यालासुद्धा कोणी फिरकलं नाही.
दुसऱ्या भागात मी इतके संशयित आणून बसवले
की शर्वाणीला मान वर करायला फुरसत मिळेना,
मुकुल बिचारा ब्रश आणि पावडर घेऊन दारातच उभा.
प्रेमाकडे वळावं तर प्रेताला वास सुटतो,
प्रेताकडे वळावं तर चहा निवतो.

एकेक भाग बायकोला पाठवतो, कणकवलीला.
ती दीड तास पुढे असते,
म्हणूनच की काय, खुनी तिला आधी सापडतो.
सकाळी सुलक्षणाचा आवाज येतो, मागे कुकरची शिट्टी :
"कंपाउंडर आहे तो. बाटलीचं बूच
तू दोनदा सांगितलंस, तेव्हाच कळलं.
ते राहू दे.
ती त्याच्याकडे चहाला थांबते का, ते सांग."

कंपनीच्या बसमध्ये तो निरोप मी चारदा ऐकला.
खिडकीबाहेर पहाट कसली, पांढुरका उकाडा,
खजुरांवर धूळ, आणि तिरुनेलवेलीचा वेल्डर
माझ्या खांद्यावर डोकं टाकून गाढ.
सहा संशयित, दोन खोट्या साक्षी, एक जळकी पावती,
महिनाभर खपून रचलेलं रहस्य,
आणि हिचा जीव अडकलाय कुठे, तर चहात!

शर्वाणी थांबली.
अर्धा कप थांबली.
मग फोन वाजला, एक चप्पल पायात, एक हातात,
जिन्यावर पावलं, जीप.
मुकुल तो कप धुवत नाही.
जन्मभर लोकांचे ठसे उचललेला माणूस
त्याला पावडर लावत नाही, टेप लावत नाही,
नुसता ओट्यावर ठेवतो, कान भिंतीकडे करून.

इथवर आलो आणि हात थांबला.

फेब्रुवारीत ती आली होती, महिन्याच्या व्हिसावर.
संध्याकाळी समुद्रावर जायचो,
सुरमईचा भाव रुपयांत करून ती हसायची,
मग न घेताच परत.
मस्कतला जाऊन तिला विमानात बसवलं,
आल्या आल्या खोली आवरली,
चादर, उशी, ओट्यावरचा कप. साबण लावून.
स्टोअरकीपरची सवय.

नवा भाग पाठवला.
खुनी कंपाउंडरच ठेवला, तिचा मान राखून.
कप मुकुलकडेच.

दोन निळ्या खुणा, आणि काही नाही.
इथे साडेबारा, म्हणजे तिथे दोन.
ती लिहितेय असं दिसलं, गेलं, पुन्हा दिसलं.
एसीचं पाणी बादलीत थेंब थेंब.
सहा संशयित हाकणारा मी,
पुढे काय ते मला माहीत नव्हतं.

मग उजळली एकच ओळ :
"माझा तू धुतलास ना?"