दोन सुकूर

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात
लसणीच्या माळा नि गंजक्या बिजागऱ्या यांच्या मधे
एक म्हातारा तारवटी गोणपाट पसरून बसला होता.
दुर्बीण, होकायंत्र, सिगारेटचा डबा,
आणि हा. जपानी, माझ्याहून चार वर्षांनी लहान,
कपाळावर 'ऑटोमॅटिक' लिहून घेतलेला.
"चालतो?" मी विचारलं.
"मी चालतोय, तर तो का नाही?" म्हणाला,
आणि पन्नास रुपये कमी केले.

ह्याची बॅटरी आता कुठेच बनत नाही.
घड्याळवाल्या दत्ताराम पोकळ्यांनी
पेनातली स्प्रिंग कापून त्यावर चार बटणसेल रचले,
कॅमेरा कानाला लावून खटका ओढला.
आत खोल कुठेतरी ठक् वाजलं.
"हा ठक् आहे तोवर काळजी नको."

तीस वर्षं मी वीजखात्यात मीटर वाचले.
कुत्री ओळखीची झाली, आकडा कधी चुकला नाही.
आता हा सांगतो, आकडे तू बघायचे नाहीस,
किती उजेड, किती वेळ, माझं मी पाहीन.
अंधार वाटला तर पिवळा दिवा,
ऊन डोईजड झालं तर लाल.
एवढंच बोलणं.
आमच्या साहेबांपेक्षा बरं.

रायबंदरच्या धक्क्यावर सकाळी अकराला
लाल, लाल, लाल.
तो विझेपर्यंत एक कडं फिरवलं,
मग काचेला डोळा लावला.
मधोमध पिवळसर चौकोन
आणि त्यात प्रत्येक गोष्ट दोनदा.
दुसरं कडं फिरवत
दुसरीला पहिलीत सरकवत न्यायचं.
पाण्यावर जमेना. पाण्याला उभी रेघ नसते,
कितीही फिरवा, मांडवी मांडवीवरून घसरत राहते.
खारफुटीतला बगळा मात्र चटकन एक झाला.
मान ताठ ठेवणाऱ्यांचं बरं असतं.

असे नऊ फोटो काढले, श्वास धरून.
फेरीबोटीचा दोर सांभाळणारा सुकूर
कठड्याला रेलून बघत होता.
नऊ वेळा त्यानं माझा डोळा मिटू दिला,
मग म्हणाला,
"बाय, धांपणें काड."

भिंगावर झाकण तसंच होतं.
ह्या जातीत बघायची खिडकी वेगळी,
उजेड आत यायची वेगळी,
उजेड मोजणारा डोळा तिसराच.
तिघांचं एकमेकांशी बोलणं नाही.
दिवे शिस्तीत लागत-विझत होते,
मला सगळं लख्ख दिसत होतं,
आत काळोख.
स्कूटरवरची माणसं हसली.
मग मीही.

"आतां म्हजो काड," सुकूर म्हणाला.
चौकोनात दोन सुकूर उभे राहिले,
एक जरा फिका, खांदाभर बाजूला सरकलेला.
बोट हलत होती, तो हलत होता,
एक व्हायच्या बेताला आला
की चोडणच्या बाजूनं कुणी हाक मारी,
मान वळे, पुन्हा दोन.
"लग्नात पाद्रीनंसुद्धा इतका वेळ घेतला नव्हता!"
पिवळा नाही. लाल नाही.
दाबलं.
खटका ओढला. ठक्.

फिल्म पुण्याला धुवायला गेली, बावीस दिवसांनी आली.
पहिल्या नऊ चौकटी खिडकीच्या काचेसारख्या स्वच्छ.
बगळा त्यात नाही, हे मला कळतं,
तरी उजेडाकडे धरून पाहिलंच.
दहावा सुकूर.
म्हणजे त्याच्या मागचा दोर, पीळ न् पीळ,
सुटलेला तंतूही मोजता येईल असा,
आणि पुढे किंचित पुसट सुकूर.
दोघांतला कोण हाती लागला, कोण जाणे.

नेऊन दिला त्याला.
हात पँटला पुसून त्यानं फोटो कडेनं धरला,
लांब नेला, जवळ आणला,
पुन्हा थोडा लांब.
"दोर बरो आयला," म्हणाला,
आणि तोच सोडायला गेला.