अशी फाईल नाही

प्रोग्रामला हात नसतात.
काहीही हवं असो, एखादी फाईल, चिमूटभर मेमरी,
किंवा नुसतं किती वाजले ते,
त्याला खिडकीशी जाऊन मागावं लागतं.
खिडकीआड कर्नल बसलेला.
लष्करातला नव्हे, पण शिस्त तीच:
अर्ज आला, उत्तर दिलं, पुढचा.

केमी गावात फेब्रुवारीतला सूर्य
नऊला येतो आणि चहा थंड व्हायच्या आत निघतो.
तिथे घराघरांत ऊब पुरवणारी कंपनी आहे,
कंपनीच्या तळघरात एक सर्व्हर,
आणि तो रोज रात्री तीन वाजून बारा मिनिटांनी
धापा टाकू लागतो.
चाळीस मिनिटं
कुणाकडे किती ऊब गेली याची नोंद होत नाही.
कुणी गारठत नाही. फक्त बिलं चुकतात.
साहेबांच्या लेखी हे जास्त गंभीर.

ओउती रुओकामोनं तीन हिवाळे खर्चून
एक लायब्ररी लिहिली आहे. पुस्तकांची नव्हे.
नाव याल्की,
म्हणजे तिच्या भाषेत बर्फातला माग,
ससा गेला की कोल्हा गेला ते सांगणारा.
खिडकीशी झालेलं प्रत्येक मागणं ती टिपते:
कोणी, काय, किती मायक्रोसेकंद ताटकळला,
मिळालं की हात हलवत परतला.
मग त्याचं चित्र काढते.
उघडणं निळं. वाचणं हिरवं. लिहिणं पिवळं.
नकाराचा रंग मुलीनं सुचवला होता,
लिंगोनच्या मुरंब्याचा, काळपट लाल.

त्या रात्रीच्या एक कोटी अठरा लाख ओळी.
ओळींत काही दिसत नाही,
डोळ्यांपुढे बर्फ पडत राहावा तसं.
तिनं याल्कीला हाक मारली,
आणि तीन-बारानंतर सगळा पडदा
मुरंबा.

ती जवळ गेली. आणखी जवळ.
नदीपलीकडचं मीटर जोड.
नकार. ते या वेळी झोपलेलं असतं.
ताइस्तोच्या घरातली 'लुकु' फाईल उघड.
अशी फाईल नाही.
मीटर जोड. नकार.
फाईल उघड. अशी फाईल नाही.
सेकंदाला पाच हजार वेळा नन्नाचा पाढा,
आणि मागणारा न रागावता, न लाजता
तोच उंबरा झिजवतोय.

ताइस्तो अकरा महिन्यांपूर्वी निवृत्त झाला.
त्याचं खातं जानेवारीत कुणीतरी
नियमानुसार झाडून काढलं.
तिनं फोन लावला.
तो गोठलेल्या समुद्रावर, स्टुलावर,
बर्फाला पाडलेल्या भोकात गळ सोडून.

"अजून मला शोधतोय?" तो हसला,
हसण्यात अर्धा वारा.
"त्या फाईलमध्ये होतं तरी काय?"
बराच वेळ नुसता वारा.
"एक आकडा.
नाही ऐकल्यावर
पुन्हा विचारण्याआधी
किती सेकंद थांबायचं, तो."

फाईल गेली, आकडा गेला,
आकडा गेला तर शून्य धरायचं,
असंही त्यानंच कधीतरी लिहून ठेवलेलं.
"मग किती होता?"
"सात लिही. नाहीतर नऊ.
मी सकाळपासून बसलोय इथे,
मला नको विचारूस."

तिनं नवी फाईल केली.
कुणाच्या घरात नाही, चावडीवर,
जिथे निवृत्ती पोचत नाही.
आत एकच अंक: ९.

दुसऱ्या दिवशीच्या चित्रात
लाल ठिपका, मग कोरं,
मग ठिपका, मग पुष्कळ कोरं,
किनाऱ्यावरून दिसतात तशी
बर्फातली भोकं, लांब लांब.
तेव्हा तिच्या लक्षात आलं,
थांबण्याला तिनं रंगच दिलेला नाही.

याल्कीच्या राहिलेल्या कामांत
तिनं तेवढी एक ओळ वाढवली.
संध्याकाळी मुलीला विचारलं.
मुलगी बुटातला बर्फ झटकत म्हणाली,
आहे तसं राहू दे ना,
आणि जेवायला काय आहे.